पलंग कुणाच्या गावात

रविवारच्या जेवणाला मटण भाजायचं आणि भांडण थंड वाढायचं, ही लार्कम घराण्याची जुनी रीत. त्या रविवारी मात्र मटण थंड झालं आणि भांडण चांगलंच शिजलं.

"मी दिवाणखान्यात झोपणार नाही," हेस्टरबाई म्हणाल्या. त्या टेबलाच्या मुख्य जागी बसल्या होत्या. मोडलेलं आणि पुन्हा बसवलेलं खुब्याचं हाड उशीवर टेकवलेलं, काठी मांडीवर आडवी. "दिवाणखाना पॅडनीत आहे."

"आई, दिवाणखाना दिवाणखान्यात आहे," गिल्बर्ट म्हणाला. गिल्बर्ट त्यांचा मुलगा. वाद मिटवण्याची त्याची पद्धत म्हणजे दोन्ही बाजूंना न समजणारं काहीतरी मधेच बोलून टाकायचं.

म्युरिएलने नवऱ्याच्या ताटात आणखी एक बटाटा टाकला. तोंड भरलेलं राहिलं की तो जरा बरा वागतो, हे ती वीस वर्षांत शिकली होती.

सासूबाईंचं म्हणणं एका अर्थी खरंच होतं. लार्कमांचं घर हेझलकोम आणि पॅडनी या दोन गावांच्या शिवेवर उभं होतं. नुसतं उभं नव्हतं, शिवेवर मांडी घालून बसलं होतं. पुढचा दिवाणखाना पॅडनीत, मधलं स्वयंपाकघर आणि मागची मोरी हेझलकोममध्ये. म्हणजे अंडं पॅडनीत खाल्लं, तर बशी हेझलकोममध्ये धुतली जायची. इतकी वर्षं याने कुणाचंच काही अडलं नव्हतं. पण हेझलकोमच्या चर्चच्या आवारातली दफनाची जागा संपत आली, आणि नवे पाद्री ट्विस्क यांनी चर्चच्या मंडळाकडून ठराव करून घेतला: यापुढे इथे फक्त हेझलकोमचे रहिवासी. ज्याचं घर दोन गावांत, त्याचा पलंग ज्या गावात, तो त्या गावचा. हा पलंगाचा नियम मात्र पाद्र्यांनी काढलेला नव्हता. तो आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचा होता आणि दोन्ही गावं तो मानत.

जॅस्पर लार्कम, हेस्टरबाईंचे यजमान, हेझलकोमच्या आवारात यूच्या जुन्या झाडाखाली निजले होते. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. हेस्टरबाईंची झोपायची खोली स्वयंपाकघराच्या बरोबर वर, म्हणजे हेझलकोममध्येच. तेव्हा सगळं सुरळीत होतं. पण दुसऱ्याच्या बकरीला हाकलायला कुंपणाची पायरी चढताना त्या पडल्या, आणि डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. पलंग खाली आणणं भाग होतं. खाली पलंग मावेल अशी एकच खोली होती, दिवाणखाना. आणि दिवाणखाना परगावी.

"पॅडनीत काय वाईट आहे गं आई?" ऑगस्टाने विचारलं. ऑगस्टा म्हणजे गिल्बर्टची थोरली बहीण. ती पॅडनीतच दिलेली, तिचा नवरा कथबर्ट तिथल्या चर्चचा कारभारी. "आमच्याकडे टेकडीवर प्रशस्त जागा आहे. वारा काय, नजारा काय! तिथून समुद्र दिसतो."

"मेल्यावर मला समुद्र बघायचा नाहीये."

"तसं नव्हे..."

"आणि वारा तर नकोच. जन्मभर तुझ्या बापाच्या घोरण्याचा वारा सोसलाय. त्याच्याशेजारीच निजायचंय मला. एकटा सोडला की तो अख्खा पलंग व्यापतो. अकरा वर्षं झाली, आता माझ्यासाठी वीतभर जागा उरली असेल तर नशीब."

कथबर्टने घसा खाकरला. बोलण्याआधी तो नेहमी घसा खाकरायचा, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच थांबायचा. आज मात्र पुढे गेला. "सासूबाई, पॅडनीतर्फे मी सांगू इच्छितो की तुमचं स्वागतच..."

"जावईबापू, पुदिन्याची चटणी घ्या."

कथबर्टने चटणी घेतली.

"मी ठरवलंय," हेस्टरबाईंनी काठी जमिनीवर आपटली. "पलंग इथे, स्वयंपाकघरात येईल. चुलीशेजारी. ऊबही मिळेल, गावही मिळेल."

आता मात्र म्युरिएलने डाव खाली ठेवला. ती दूरच्या रेडिंग शहरातली. वीस वर्षं झाली तरी गावात अजून 'नवी' म्हणून ओळखली जायची. या घरात तिचं म्हणावं असं एकच राज्य होतं, आणि त्या राज्यात पलंग येणार होता.

"आई, चुलीशेजारी पलंग आला तर मी काय करायचं? एका हाताने कोंबडी उलटायची आणि दुसऱ्या हाताने तुमची कूस बदलायची? एखाद दिवशी हातांची अदलाबदल झाली तर?"

"मला चालेल. मसाला लावू नकोस म्हणजे झालं."

"टेबल कुठे ठेवू?"

"दिवाणखान्यात न्या. जेवायला सगळे पॅडनीत जा. मी इथून ऐकेन."

"वहिनी बरोबर बोलतेय," ऑगस्टा म्हणाली. एरवी म्युरिएलच्या केकपासून पडद्यांपर्यंत एकही गोष्ट तिला बरोबर वाटत नसे. "स्वयंपाकघरात कुणी झोपतं का? दिवाणखानाच योग्य."

"थँक्यू, वन्सं," म्युरिएल म्हणाली, आणि आपण नेमकं कुणाच्या बाजूला जाऊन पडलो हे लक्षात येताच तिला मटण कडू लागलं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अँब्रोजकाका शांतपणे जेवत होते. जॅस्परचे धाकटे भाऊ. जन्मभर मालवाहू बोटींवर काढून, भावाच्या शेवटच्या आजारपणात घरी परतले ते दिवाणखान्यामागच्या छोट्या खोलीत राहिले, आणि तिथेच राहून गेले. अँब्रोजकाकांशी वागायचा घरात एकच नियम होता: त्यांना काहीही विचारायचं नाही. मनाने ते अतिशय सज्जन. आपण होऊन कुणाला वाकडा शब्द बोलत नसत. पण विचारलं की खरं सांगत. संपूर्ण खरं. जॅस्परच्या दफनानंतर चहाच्या वेळी, सगळ्या गावासमोर, हेस्टरबाईंनी डोळे पुसत विचारलं होतं, "भावोजी, चर्चमध्ये किती गोड गायचे ना हे?" आणि अँब्रोजकाका थोडा विचार करून म्हणाले होते, "नाही वहिनी. अख्खं चर्च त्याच्यामुळे वरच्या पट्टीत गायचं, त्याचा आवाज झाकायला."

त्या दिवसापासून हेस्टरबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. लागलंच तर म्युरिएलमार्फत. "म्युरिएल, त्यांना सांग, खिडकी बंद करा म्हणावं." खिडकी बंद व्हायची. ते ताटावर असले की कुणी 'आवडलं का' विचारत नसे. बटाट्यांचं भांडं नुसतं त्यांच्या दिशेने सरकायचं.

"आज शिवेची फेरी येईल तेव्हा सोक्षमोक्ष होईलच," गिल्बर्ट रूबार्बच्या गोडाच्या वाटीत बघत म्हणाला.

सगळे थांबले.

"कसला सोक्षमोक्ष?" हेस्टरबाईंनी विचारलं.

"म्हणजे, पाद्रीसाहेब भेटले होते सकाळी. म्हणाले, आता नियम केलाय तर शीव नेमकी कुठून जाते ते पक्कं व्हायला हवं. त्यांना कळलंय की जुन्या फेरीतला एकच साक्षीदार हयात आहे." त्याने मान न वळवता फक्त डोळे टेबलाच्या टोकाकडे नेले. "ते विचारणार आहेत."

"कुणाला विचारणार आहेत?"

"काकांना."

अँब्रोजकाकांनी रूबार्ब संपवला, चमचा पुसून ठेवला, मान तुकवली आणि ते आपल्या खोलीत गेले.

*

शिवेची फेरी मे महिन्यात निघायची. दोन्ही गावांची माणसं पाद्र्यांच्या मागून शिवेवरून चालत, हातात विलोच्या सोललेल्या छड्या. प्रत्येक खुणेच्या दगडाला, झाडाला छड्या मारायच्या, पिकांसाठी प्रार्थना म्हणायची, पुढे जायचं. जुन्या काळी खुणेशी पोचलं की लहान पोरांना उलटं धरून त्यांचं डोकं त्या दगडावर आपटत, अलगद, पण विसरता येणार नाही इतपत. पोर म्हातारं झालं तरी कुठे आपटलं ते सांगू शके. नकाशा हरवतो, टेंगूळ हरवत नाही, असं त्यामागचं शास्त्र. मधे एका संधिवाताच्या पाद्र्यामुळे फेरी बंद पडली होती, ती युद्धानंतर पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून फेरी दरसाल लार्कमांच्या दिवाणखान्यातून आत यायची, स्वयंपाकघरातल्या चुलीवर छड्या मारायची, पोटभर सफरचंदाची सायडर प्यायची आणि मोरीच्या दाराने बाहेर पडायची. शीव चुलीच्या पाठीमागून जाते, हे दोन्ही गावांत पोरासोरांनाही पाठ होतं.

म्युरिएल मोरीत बश्या विसळत होती. मागच्या खिडकीतून अँब्रोजकाका आणि गिल्बर्ट अंगणात उभे दिसत होते. नवऱ्याचे खांदे पडलेले. म्हणजे तो काहीतरी मागत होता.

"काका, फूट-दोन फुटांचा प्रश्न आला तर... आईच्या बाजूने..."

"मला विचारलं तर मी सांगेन तेच, जे आहे."

"पण आहे काय?"

"गिल्बर्ट," काका हळुवार म्हणाले, "तू खरंच विचारतोयस का?"

गिल्बर्टने घाईघाईने नकारार्थी मान हलवली. काकांना न विचारणं लार्कमांच्या रक्तातच होतं.

म्युरिएल हात पुसत वळली, तर मोरीच्या दारात सासूबाई. काठीवर भार टाकून चुलीपासून इथवर एकट्या आल्या होत्या आणि सगळं ऐकलं होतं. चेहरा लाल.

"गिल्बर्ट!"

गिल्बर्ट दचकला.

"तू त्यांना खोटं बोलायला सांगतोयस?"

"आई, तुझ्यासाठीच..."

"अकरा वर्षं मी त्या माणसाशी बोलले नाही. का? तर तो खरं बोलला म्हणून. आता तो खोटं बोलायला लागला, तर माझी अकरा वर्षं गेली की फुकट!" त्यांनी श्वास घेतला. "म्युरिएल, त्यांना सांग. कुणाच्या सांगण्याने एक इंच इकडेतिकडे करू नका म्हणावं."

म्युरिएलने खिडकीतून बाहेर बघितलं. काका चार पावलांवर होते. "काका, आई म्हणतात..."

"ऐकलं मी," काका म्हणाले. आणि म्युरिएलला वाटलं, ते किंचित हसले.

सासूबाईंना हाताला धरून खुर्चीकडे नेताना म्युरिएलला त्यांचा हात हलका लागला, कणीक मळून झाल्यावरच्या रिकाम्या परातीसारखा. "आई, एवढा हट्ट कशासाठी? माती ती माती."

"हट्ट नाही गं. सवय." त्या खुर्चीत टेकल्या. "बावन्न वर्षं भिंतीकडच्या बाजूला झोपले. दुसऱ्या बाजूला मला झोपच लागत नाही. यूच्या झाडाखाली भिंतीकडचीच जागा रिकामी आहे. मी बघून ठेवलीय."

म्युरिएलने चुलीतला विस्तव सारखा केला. चुलीशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं, आणि मनातल्या मनात टेबल जरासं खिडकीकडे सरकवून पाहिलं.

*

फेरी आली ती हाकांनी, चिखलाने आणि कुत्र्यांनी. पुढे पाद्री ट्विस्क, उंच, तरुण, कानावर हॉथॉर्नची पांढरी फुलं अडकलेली आणि त्याची त्यांना कल्पना नाही. मागे दोन्ही गावं. कथबर्ट जेवण आटोपून पॅडनीच्या लोकांत सामील झाला होता आणि छडी बंदुकीसारखी खांद्यावर धरून होता.

स्वयंपाकघरात जेवढे मावले तेवढे मावले. बाकीच्यांनी खिडक्यांतून डोकी आत घातली.

"मिसेस लार्कम," पाद्री अदबीने म्हणाले, "तुमची प्रकृती..."

"मी अजून जिवंत आहे, तेव्हा घाई नाही. विचारा काय ते."

पाद्र्यांनी अँब्रोजकाकांकडे बघितलं. ते दिवाणखान्याच्या दारात, टोपी हातात धरून उभे होते. गिल्बर्टने डोळे मिटले. ऑगस्टाने कथबर्टचा दंड धरला.

"मिस्टर लार्कम, लहानपणी या घरातल्या खुणेवर तुम्हाला आपटलं होतं ना?"

"हो."

"तर मग शीव कुठून जाते?"

"चुलीच्या पाठीमागून."

घरभर सुटकेचा श्वास पसरला. खिडकीतलं कुणीतरी 'वा!' म्हणालं. पाद्री हसून छडी उचलणार, इतक्यात त्यांना वाटलं की एवढ्या लांब आलोय तर काम चोख करावं. चांगल्या माणसांची ही खोड वाईट.

"म्हणजे इथेच आपटलं होतं तुम्हाला? या चुलीवर?"

"नाही," अँब्रोजकाका म्हणाले. "चूल तेव्हा तिकडे होती."

त्यांनी बोट दाखवलं. मोरीच्या भिंतीकडे. जिथे आता बश्यांचं कपाट होतं.

मग एकेक डोकं वळलं आणि म्युरिएलवर येऊन थांबलं.

म्युरिएलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लग्न होऊन आली त्या वर्षीची गोष्ट. चूल मोरीच्या भिंतीला होती, पश्चिमेचा वारा सुटला की सगळा धूर घरात. तिने महिनाभर डोळे चोळले, मग गवंडी बोलावला आणि चूल उचलून समोरच्या, दिवाणखान्याकडच्या भिंतीला नेली. घरात सगळ्यांना माहीत होतं. गावातही माहीत होतं. पुढे फेरी पुन्हा सुरू झाली तेव्हा सगळ्यांना पाठ होतं की शीव चुलीमागून जाते, आणि सगळे गेले चुलीकडे. चूल जिकडे, शीव तिकडे. लढाई न करता, एका सुनेच्या डोळ्यांत धूर गेला म्हणून, हेझलकोमने पॅडनीचं अख्खं स्वयंपाकघर जिंकून घेतलं होतं.

"मला कुणी विचारलं नाही," अँब्रोजकाकांनी जोडलं. ते त्यांचं म्हणणं अगदी न्याय्य होतं.

"म्हणजे हे स्वयंपाकघर..." पाद्री.

"पॅडनीत."

"आणि त्याच्या वरची खोली?"

"ती स्वयंपाकघराच्या वरच आहे."

म्युरिएलने सासूबाईंकडे बघितलं. त्या ताठ बसल्या होत्या.

कथबर्टने घसा खाकरला. पॅडनीचा कारभारी म्हणून एवढा मोठा प्रसंग त्याच्यावर कधीच आला नव्हता. "याचा अर्थ... कायद्याने पाहिलं तर... सासरेबुवा पॅडनीचे रहिवासी ठरतात. म्हणजे ते हेझलकोममध्ये, काय म्हणतात, अनधिकृतपणे..."

"कथबर्ट," ऑगस्टा म्हणाली.

"मी फक्त एवढंच म्हणतोय की नियमाप्रमाणे त्यांना तिथून उठवून..."

"कथबर्ट! माझे वडील आहेत ते!"

"उठवा की," हेस्टरबाई म्हणाल्या. "जॅस्परला उठवायचा प्रयत्न मी जन्मभर रोज सकाळी केलाय. तुम्हाला जमत असेल तर बघा, जावईबापू."

खिडक्यांतली डोकी हसली. कथबर्टने छडी खांद्यावरून खाली घेतली. ऑगस्टा त्याच्यापासून दोन पावलं दूर, आईच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. टेकडी, वारा आणि समुद्र तिने पुन्हा काढला नाही.

पाद्री ट्विस्क खरोखर भला माणूस होता. ते हेस्टरबाईंच्या खुर्चीपाशी वाकले. "मिसेस लार्कम, जे निजलेत त्यांना कुणी हात लावणार नाही. आणि तुमच्या बाबतीत, अशा विशेष परिस्थितीत, मंडळाला मी अपवाद करायला सांगू शकतो."

"थिर्झासाठी केला होता का?"

पाद्र्यांचं तोंड उतरलं. थिर्झा ही पॅडनीच्या गिरणीवाल्याची विधवा. तिचा नवराही यूच्या झाडाजवळच होता, आणि मागच्या हिवाळ्यात तिला नियम दाखवून टेकडीवर पुरलं होतं.

"तेव्हा... ठराव नुकताच झाला होता..."

"मग मला दया दाखवू नका. थिर्झाला काय तोंड दाखवू मी? ती वर गेलीय आधीच, दारातच उभी असेल." हेस्टरबाई काठीवर जोर देऊन उठल्या. गिल्बर्ट धरायला धावला, त्याला त्यांनी कोपराने बाजूला केलं. "आणि दयेचं काय? आज एक पाद्री देतो, उद्या दुसरा काढून घेतो. मला हक्काने जायचंय. भावो..." त्या थांबल्या. "म्युरिएल, त्यांना विचार. मोरी कुठे आहे?"

'विचार' हा शब्द त्या घरात अकरा वर्षांत असा उच्चारला गेला नव्हता. म्युरिएल दाराकडे वळली. "काका, मोरी कुठल्या गावात आहे?"

"हेझलकोममध्ये," अँब्रोजकाका म्हणाले. "सगळीच्या सगळी."

"ठीक. पलंग मोरीत लावा."

"आई!" गिल्बर्ट आणि ऑगस्टा एका सुरात ओरडले. बालपणानंतर त्यांचं एकमत पहिल्यांदाच होत होतं. "मोरीत? तिथे कपडे धुतात! फरशी थंड आहे! तिथे कपडे उकळायचा हंडा आहे, पिळायचं यंत्र आहे, खालून पाणी वाहतं!"

"पायात मोजे घालीन."

"लोक काय म्हणतील?"

"लोक इथेच आहेत. विचार त्यांना."

सगळे म्युरिएलकडे बघत होते, कारण मोरी तिची होती. तिच्या राज्याचा उरलेला अर्धा भाग.

म्युरिएलने एप्रन सोडला आणि खुंटीला लावला.

"गिल्बर्ट, हंड्याखालचा विस्तव काढ. थंड झाला की हंडा उचलून अंगणात. पिळायचं यंत्र चार माणसांशिवाय हलत नाही, पॅडनीकर, तुम्ही पुढे व्हा. वन्सं, वरून गाद्या काढा, भिंतीकडची उशी कुठली ते आईंना विचारा. कपाट तसंच राहू दे, नाहीतर कुणीतरी पुन्हा शीव सरकवेल."

"आणि कपडे कुठे धुवायचे गं?" ऑगस्टाने विचारलं.

"दिवाणखान्यात. नाहीतरी तिथे कधी कुणी बसत नाही."

ऑगस्टा या विचाराने इतकी हादरली की मुकाट्याने जिना चढली.

पुढची घटका घरात जत्रा होती. प्रार्थना म्हणत शिवेवरून शांतपणे चालणारी दोन गावं एकमेकांना 'अरे, डावीकडे!', 'तुझी डावी की माझी?' असं ओरडत पलंग जिन्यावरून उतरवत होती. पलंग ओकचा, लग्नातला. हेझलकोमचे खालून धरून, पॅडनीचे वरून. वळणावर तो अडकला तेव्हा कथबर्टने नियमाविषयी काही बोलायला तोंड उघडलं आणि पलंगाचा पाय त्याच्या हातात देण्यात आला. पाद्री ट्विस्क पिळायच्या यंत्राच्या एका टोकाला होते. त्यांच्या कानावरची फुलं शेवटी यंत्राच्या रुळांत गेली आणि चपटी होऊन बाहेर आली.

गडबडीत गिल्बर्ट म्युरिएलपाशी आला. "म्हणजे," तो हळूच म्हणाला, "आपली खोली दिवाणखान्यावर. आपण दोघं..."

"टेकडीवर. समुद्र बघत."

"तुला चालेल?"

"तू बरोबर असशील ना? मग वारा असो की घोरणं, मला दोन्हीची सवय आहे."

पलंग मोरीत लागला. डोकं हंड्याच्या जागी, पाय दाराकडे, एक बाजू भिंतीला. मोरीत उरलेली रिकामी जागा म्हणाल तर एका माणसाला तिरकं जाता येईल एवढी. चादरी घातल्या. हेस्टरबाई काठी टेकत आल्या, साऱ्यांसमोर पलंगाच्या काठावर बसल्या, बूट काढायला म्युरिएलला पाय पुढे केले, आणि रविवारच्या टोपीसकट आडव्या झाल्या. भिंतीकडे.

"पाद्रीसाहेब, लिहून ठेवायची गरज नाही," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "बघून ठेवा."

बघ्यांच्या मधून अँब्रोजकाका पुढे आले. टोपी अजून हातातच. त्यांनी छताकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं. त्यांना कुणी काहीही विचारलेलं नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "इथे छप्पर गळतं."

म्युरिएलच्या हातात एक बूट तसाच राहिला.

हेस्टरबाईंनी मान वळवली. "कुठे?"

"बरोबर तुमच्या डोक्यावर. दोन कौलं सरकलीत."

"मग उभे काय राहिलात, भावोजी? चढा."

अँब्रोजकाका चढले. शिडी पाद्रीसाहेबांनी धरली, कारण यंत्रामुळे त्यांच्या हातात नाहीतरी तेलकटपणा आलाच होता. साक्षीदाराशिवाय फेरी पुढे जाऊ शकत नव्हती, म्हणून दोन्ही गावं अंगणात आणि गल्लीत सायडर पीत खोळंबली. छपरावरून कौलं सरकल्याचे आवाज येऊ लागले. मग पलंगाच्या वर, बरोबर डोक्यावर, आभाळाचा एक तुकडा उघडला, आणि त्यात एक म्हातारा चेहरा.

"भावोजी," खालून आवाज आला. "तिथून चर्चचं आवार दिसतं का?"

"दिसतं."

"ह्यांची जागा?"

"झाड दिसतं. दगड दिसतो. दगडावर शेवाळ आलंय, नाव वाचता येत नाही."

"आणि शेजारची?"

वरचा चेहरा फटीतून नाहीसा झाला. म्हातारा नीट बघत होता. अंगणातली कुजबुज थांबली. शिडीखालचे पाद्रीही वर बघत राहिले.

"रिकामी आहे, वहिनी," आवाज आला. "भिंतीकडची. तुम्ही मावाल एवढी."

अँब्रोज लार्कम यांनी जन्मात कधी बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नव्हतं. तेव्हा हेस्टरबाईंनी टोपी काढून म्युरिएलच्या हातात दिली, भिंतीकडे कूस केली आणि कौल जागेवर बसायच्या आत त्या घोरू लागल्या.

फेरीला मात्र मोरीच्या दारानेच बाहेर पडायचं होतं. दुसरी वाट नव्हती, शीवच तिथून होती. म्युरिएलने तोंडावर बोट ठेवलं. पाद्री ट्विस्क यांनी बूट काढून हातात घेतले. त्यांचं बघून हेझलकोमने काढले, मग पॅडनीने काढले, आणि दोन गावं एकामागून एक, तिरकी होऊन, मोज्यांवर, पलंगाच्या कडेने बाहेर गेली.